एकच ताप, दोन चिठ्ठ्या

आमच्या गल्लीत कुणी नुसतं शिंकलं तरी वानखडे सर दारात हजर. तब्येत विचारायला? छे! "गोळी कोनती देल्ली, दाखव." मग चष्मा कपाळावर चढवून, चोरीचा माल सापडल्यासारखं ते पाकीट उलटंसुलटं करत बसणार.

सर मेहकरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. डॉक्टर, मेडिकलवाला, कंपनी, सगळ्यांवर संशय. "साथ एक, विषाणू एक, मंग दोन डॉक्टरच्या दोन चिठ्ठ्या काऊन? भानगड हाय, सांगून ठेवतो!" मला तर सरांचाच संशय यायचा. रिकामा माणूस, दुसरं काय!

या हिवाळ्यात व्हायरल आलं आणि सर अन् काकू एकाच दिवशी आडवे झाले. सरांनी काकूंना बसस्टँडजवळच्या डॉक्टरांना दाखवलं, स्वतः गेले बाजारातल्या डॉक्टरकडे. गोळ्या अर्थातच वेगळ्या. दर चार तासांनी दोघांचा ताप मोजून कॅलेंडरवर लिहायचा. काकू कण्हत म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसार केला, आता यांच्या प्रयोगाचा बेडूक झाली मी."

तिसऱ्या दिवशी सर खडखडीत बरे. काकूंचा ताप मात्र हटेना, वर धाप लागायला लागली. माझं डोकंच फिरलं. चांगलं औषध स्वतःला आणि बायकोला कसलंही? तोंडावरच विचारलं, "सर, लाज नाही वाटत?"

सरांनी मान खाली घातली. "पोरी, अर्धी गल्ली बसस्टँडवाल्याच्या गोळीनं बरी झाली. म्हनून खात्रीची तिले देल्ली. तिले नाहीच मानवली तं दुसरी हाताशी पाहिजे ना? ते म्या आधी खाऊन पाह्यली."

कप्पाळ! ऑटो बोलावला आणि काकूंना बसस्टँडजवळच्या त्याच डॉक्टरांकडे नेलं. छातीत न्यूमोनिया उतरला होता. भरती करून ऑक्सिजन लावला.

"सर, दोन माणसांवरून औषध ठरत नसते," डॉक्टर म्हणाले. "तुमचा ताप गोळीशिवायही उतरला असता. काकूंना शुगर आहे, त्यांना जड गेलं. वेळेवर आणलं, होतील बऱ्या."

आता सर वाद घालणार म्हणून मी तयारीत उभी. पण ते हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बाजूची खाट रिकामी हाय. मलेही भरती करा."

"तुम्हाला काय झालं? तुम्ही तर ठणठणीत आहात."

"हाव," सर म्हणाले आणि भर वॉर्डात त्यांना रडू फुटलं. "पन घरी एकटा कसा राहू जी मी?"