डांबराचे एकेचाळीस पट्टे

पाट्या लिहायला पेंटर मिळेना, म्हणून मी झाडांना डांबर लावायचं ठरवलं. माझी चूक एवढीच. पण हे कोणी ऐकून घेत नाही, आणि तेव्हापासून मी सगळ्यांवर चिडलेलो आहे.

झालं असं, की चांद्याच्या मोठ्या साहेबांनी आमच्या जंगल खात्याच्या रेंज कचेरीला हुकूम धाडला. तळ्याजवळच्या जंगलात बायकापोरांना चालता येईल अशी सोपी पायवाट आखा, रविवारी मी सहकुटुंब पाहायला येतो. काम माझ्या गळ्यात पडलं. मी सात वर्षं टेम्पररी कारकून. (सात! एवढ्यात कचेरीतलं कुत्रंसुद्धा कायम झालं असतं.) वाट पसंत पडली तर नोकरी कायम, असा साहेबांचा शब्द होता.

छपराला लावून उरलेलं डांबर कचेरीत पडून होतं. वाट चुकू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या झाडांना पट्टा मारायचा आणि खाली चुन्यानं नंबर घालायचा, असा माझा बेत. आमची सौभाग्यवती वच्छला सावली गावाकडची. ती म्हणाली, "झाडाले पट्टा माराच्या आधी कोणाले तरी विचारा ना."

"जंगल खात्यात मी आहे की तू?"

"खात्यात तुमीच आहा. पण जंगलात कधी गेले?"

असा संताप आला! त्या संतापात मी बुधवारी एका दिवसात एकेचाळीस झाडं रंगवली. सगळे साग आणि ऐन, मधे एक मोठा मोहा. एका ओल्या पट्ट्याला टेकलो, तर शर्टावर पोटाशी आडवं डांबर लागलं, ते घासलेटनंही निघालं नाही. पण वाट अशी गर्द सावलीची, की मीच तिच्यावरून दोनदा चालून आलो. मग अंग मोडून आलं आणि शनिवारपर्यंत अंथरुणात पडलो.

रविवारी सकाळी पुढं मी, मागं साहेब, बाईसाहेब, त्यांच्या दोन मुली आणि वच्छला असे निघालो. वळण घेतलं. वाट होती, पण सावली नव्हती. दोन्ही बाजूंना नुसते खुंट! आमचा झाडतोडीचा मुकादम सुकलू मजुरांकडून शेवटचा ओंडका ओढवून घेत होता. मोहा तेवढा पट्ट्यासकट उभा.

"सुकलू! हे काय करून ठेवलंस?"

"तोडलो, बाबू. पट्टा होता, नंबर होता. पट्ट्याचं झाड तोडाचं असते, मालूम नाई तुमाले?"

"अरे, विचारायचं तरी!"

"आल्तो ना घरी. तुमी झोपून होते. बाई म्हणे, उठवू नोका, लय रागावतेत."

मी वच्छलेकडे पाहिलं. ती आभाळाकडे पाहत होती. (तिथं आता पाहण्यासारखं तेवढंच उरलं होतं.)

"मग हा मोहा का सोडला?" मी ओरडलो.

"मोहा कोणी तोडते का?" आता सुकलूच माझ्यावर खवळला. "लेकरं काय खातीन?"

बाईसाहेब एका खुंटावर टेकल्या. "अहो, किती सोयीचं! दर दहा पावलांवर बसायला जागा. वाघ आला तरी लांबून दिसेल."

साहेबांनी खुंटांवरचे चुन्याचे नंबर वाचत खुंट मोजले. मी मनात राजीनामा लिहायला घेतला.

"चाळीस झाडं, आणि नंबराची एक चूक नाही," साहेब म्हणाले. ते हसत नव्हते. "तुम्ही कायम! सूरजागडकडच्या पहाडात तोडीवर असाच माणूस हवा होता. मंगळवारी निघा."

मंगळवारी बैलगाडी आली. मी कचेरीतून परतलो, तर गाडीवान डोमानं सामान भरलेलंसुद्धा. माझी ट्रंक, माझी वळकटी, माझा कंदील. प्रत्येकावर ताजा डांबराचा पट्टा. वच्छलेची एक पिशवीही नाही.

"हा काय प्रकार आहे?"

"डोमाभाऊले म्हटलं, पट्टा असन तेच न्याचं," वच्छला दारातूनच म्हणाली. "तिथी ना घर, ना विहीर. आधी तुमी जा, मी मंग पाहीन."

"मी एकटा मुळीच जाणार नाही!" मी पाय आपटला.

डोमानं माझ्या शर्टाकडे, पोटावरच्या त्या आडव्या डांबराकडे नीट पाहिलं आणि गाडीत जागा केली.

"बसा, बाबू. तुमालेई पट्टा आहे."