घंगाळाला दोन कान होते

माझी बायको रेजिना वारली तो रविवार होता. सकाळची मिस्सा सुटल्यावर तासाभराने चर्चची मोठी घंटा थांबून थांबून वाजली आणि भुईगावात सगळ्यांना कळले. त्या वेळी शाळेच्या ओसरीवर फुटबॉल समितीची सभा चालू होती. त्या सभेचे इतिवृत्त पुढे मला वाचायला मिळाले. त्यात लिहिले आहे : "घंटा ऐकू आली. चौकशी केली असता सौ. रेजिना आग्नेल तुस्कानो यांचे दुःखद निधन झाल्याचे समजले. सभेने उभे राहून दुःख व्यक्त केले. विषय क्रमांक चार निकाली निघाला."

विषय क्रमांक चार काय होता ते सांगतो.

आमचे फादर स्पेन देशातले. त्यांचा भाऊ त्यांना तिकडची वर्तमानपत्रे पाठवी. ती बोटीने यायची, त्यामुळे बातम्या शिळ्या असत, पण फादर त्या ताज्या असल्यासारख्या वाचत. १९५३ च्या पावसाळ्यात त्यांनी मुलांना सांगितले की त्यांच्या देशात आता एक वर्तमानपत्र दर वर्षी सर्वांत जास्त गोल मारणाऱ्याला बक्षीस देते. बक्षिसाला फार पूर्वी तरुणपणी वारलेल्या एका खेळाडूचे नाव आहे. लोक त्याला पिचीची म्हणत.

फादर एवढेच बोलून जेवायला गेले. समितीने ते मनावर घेतले. जे स्पेनमध्ये होते ते भुईगावात का होऊ नये, असा ठराव झाला. समितीचे चिटणीस ऑगस्टीन हे मुंबईत बांधकामाचे परवाने देणाऱ्या एका कचेरीत कारकून. त्यांनी नियमावली लिहून काढली. नियम एकतीस झाले. अर्जाचे नमुने अ, ब आणि क असे तीन झाले. फक्त बक्षिसाला नाव नव्हते, कारण नाव मेलेल्या माणसाचे हवे होते आणि त्या वर्षी गावात कोणी मरत नव्हते. तीन सभा त्या विषयावर तहकूब झाल्या. एकदा गावातल्या नव्वदीच्या एका म्हाताऱ्याच्या तब्येतीची चौकशी करायला उपसमिती पाठवली. म्हाताऱ्याने त्यांना काठी घेऊन बांधापर्यंत हाकलले.

मग नोव्हेंबरच्या शेवटी रेजिनाला ताप आला आणि ती तीन दिवसांत गेली.

चौथ्या दिवशी ऑगस्टीन माझ्या घरी आले. टोपी काढून ओट्यावर बसले.

"आग्नेलभाऊ, फार वाईट झालं. पण वेळेवर झालं."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. 

"रेजिनावहिनींचं नाव अमर करतो आम्ही. रेजिना करंडक. तुमची हरकत नाही ना? नसेल तर इथे सही करा."

मी सही केली. तिचे नाव कोणी घेतले की मला बरे वाटत होते. मग त्यांची नजर मोरीकडे गेली. तिथे रेजिनाचे तांब्याचे घंगाळ होते.

ते घंगाळ तिने निर्मळहून माहेरून आणले होते. लग्नाच्या दिवशी तिला त्याच घंगाळातल्या पाण्याने न्हाऊ घातले होते. दर शनिवारी ती ते चिंच आणि राख लावून घासायची. आमची एकच मुलगी, लिडिया. तिचे लग्न मे महिन्यात ठरले होते. ताप चढलेला असताना रेजिना मला दोनच गोष्टी म्हणाली. एक, वांग्यांना पाणी दे. दुसरी, लिडियाची आंघोळ माझ्या घंगाळातनं कर.

"करंडकाला दोन कान असावे लागतात," ऑगस्टीन म्हणाले. "ह्याला आहेत."

"ते लिडियाच्या लग्नाला लागणार आहे."

"अहो, लग्न मेमध्ये. बक्षीस समारंभ तीस एप्रिलला. ज्याला मिळेल तो घरी नेईल आणि तुम्हाला परत देईल. गावचीच पोरं आहेत. मी पावती देतो."

पावती दिली. त्यावर लिहिले होते : "करंडक, तांब्याचा, दोन कानांचा, एक. विजेत्यास देणेसाठी." घंगाळ हा शब्द त्यात नव्हता. हे माझ्या लक्षात आले नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला बागायती माणूस आहे.

त्या मोसमात सर्वांत जास्त गोल शत्रुघ्नने मारले. तो आमच्या शेजारच्या आळीतला. मार्चपर्यंत त्याचे एकोणीस गोल झाले. दर गोलानंतर तो बांधावर उभ्या असलेल्या मला हात करायचा.

"काका, काळजी करू नका. एक तारखेला सकाळी घंगाळ तुमच्या ओट्यावर. वर लिडियाला माझ्याकडनं एक साबणाची वडी."

मी प्रत्येक सामन्याला जाऊ लागलो. लोकांना वाटले की बायको गेल्यावर मला फुटबॉलचा नाद लागला.

एप्रिलमध्ये गोलांची छाननी सुरू झाली. तेव्हा नियम सतरा बाहेर आला. प्रत्येक गोलासाठी नमुना क भरायचा होता. नमुना क म्हणजे ज्याच्यावर गोल झाला त्या गोलकीपरचा नाहरकत दाखला. ऑगस्टीन यांच्या कचेरीत शेजाऱ्याच्या नाहरकतीशिवाय खिडकीसुद्धा पाडता येत नसे. गोल ही तर खिडकीपेक्षा मोठी गोष्ट.

कोणताही गोलकीपर सही करीना. एक म्हणाला, उन्हाने डोळे दिपले होते. दुसरा म्हणाला, तो गोल झालाच नाही. "पण तू जाळ्यातनं चेंडू काढलास की," शत्रुघ्न म्हणाला. "चेंडू काढला म्हणजे गोल कबूल केला असं नाही," तो म्हणाला. तिसऱ्याने आईला विचारून सांगतो म्हटले आणि आईकडे जो गेला तो लग्न करूनच परत आला.

शत्रुघ्नचे एकोणीस गोल एकोणीस हरकतींनी बाद झाले. इतरांचेही झाले. मोसमात एकूण त्र्याऐंशी गोल झाले होते. छाननीअंती एक उरला.

तो गोल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला होता. भुईगाव विरुद्ध निर्मळ. भात कापलेल्या खाचरात सामना होता आणि खाचराला लागून आमचा वांग्यांचा वाफा होता. चेंडू उडून वाफ्यात आला. वांग्याची तीन झाडे मोडली. रेजिना तिथे पाणी लावत होती. तिने एकदा झाडांकडे पाहिले, एकदा चेंडूकडे पाहिले, लुगडे थोडे वर खोचले आणि चिखलाच्या पायाने लाथ घातली. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि निर्मळच्या गोलात शिरला. बांधावरच्या दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. पंच काशीराम हे अर्नाळ्याचे कोळी. कोणत्याही गावाचे नातलग नाहीत म्हणून त्यांना पंच नेमले होते. त्यांनी शिट्टी वाजवली.

छाननीत त्यांना विचारले, "बाहेरच्या बाईने मारलेला चेंडू तुम्ही गोल कसा दिलात?"

काशीराम म्हणाले, "चेंडू कोनी मारला ते मी बघत नाय. चेंडू कुठं गेला ते बघतो. जाल्यात मासा आला की त्याला इचारतो का, बाबा तू कोनाचा?"

आणि निर्मळचा गोलकीपर फ्रान्सिस याने त्या एका गोलाच्या नमुना क वर सही केली होती. त्याला कारण विचारले. तो म्हणाला, "शत्रुघ्नने मारलेला गोल मी कबूल करणार नाही. पण रेजिनामावशी आमच्या गावची लेक. लहानपणी तिने मला पेरूच्या झाडावरनं उतरवून बडवलंय. तिने मारलेला अडवायची माझी काय छाती?"

सव्वीस एप्रिलला निकाल फळ्यावर लागला. रेजिना करंडक. सर्वाधिक गोल : एक. विजेती : रेजिना आग्नेल तुस्कानो.

मी फळ्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिलो. आयुष्यात तिला पहिल्यांदा काही मिळाले होते, आणि जे मिळाले होते ते तिचेच होते. मी सरळ ओसरीवर गेलो.

"ऑगस्टीन, घंगाळ द्या. तिलाच मिळालंय."

"अभिनंदन. त्यांना घेऊन या."

"कोणाला?"

"विजेत्याला. नियम बावीस. विजेत्याने समक्ष हजर राहून सही करून करंडक घ्यायचा."

"ऑगस्टीन, ती मेली आहे. तुम्ही तिला खांदा दिलात."

"तो मी खाजगी नात्याने दिला. समितीकडे निधनाची फक्त ऐकीव नोंद आहे, दाखला नाही. समितीकडे सव्वीस एप्रिलची नोंद आहे की त्या जिंकल्या."

"बक्षिसाला तिचं नाव मेली म्हणूनच दिलंत ना?"

"हो. ते नियम दोनप्रमाणे. नियम दोनसाठी त्या मेल्या असल्या पाहिजेत. नियम बावीससाठी हयात असल्या पाहिजेत. दोन्ही नियम एकमताने मंजूर झालेत."

 ऑगस्टीन मनाने वाईट नाहीत. त्यांनी नियमावली दोनदा चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"नियम एकोणतीस! वारसाला करंडक घेता येतो. अट एकच. वारसाने चालू मोसमात किमान एक गोल केलेला असावा."

मोसम संपायला चार दिवस होते. मी छप्पन्न वर्षांचा होतो. शत्रुघ्नने आपली अर्धी चड्डी मला आणून दिली. ती मला गुडघ्याखाली येत होती. एकोणतीस तारखेला निर्मळशी एक जादा सामना ठेवला. लिडिया बांधावर उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता. ती रडत होती की हसत होती ते मी अजून विचारलेले नाही.

सामन्यात मला पळता आले नाही. शत्रुघ्न सगळ्यांना चुकवून चेंडू घेऊन आला आणि माझ्या पायाशी ठेवून म्हणाला, "काका, वांग्याची झाडं आठवा."

मी लाथ घातली. चेंडू हळूहळू निघाला. फ्रान्सिस गोलातून बाजूला सरकला आणि खांब धरून उभा राहिला. गोलाच्या तोंडाशी चेंडू ढेकळाला अडून थांबतो की काय असे वाटले, तेव्हा फ्रान्सिसने खाली वाकून त्याला फुंकर घातली. चेंडू आत गेला. फ्रान्सिसने तिथेच खिशातून नमुना क काढून सही केली. लोकांनी मला उचलून घेतले.

संध्याकाळी छाननी झाली. गोल बाद.

ऑगस्टीन म्हणाले, "नाहरकत गोल झाल्यानंतर द्यायची असते. फ्रान्सिसने ती गोलाच्या आधीच दिली. तो बाजूला सरकला, हे सर्वांनी पाहिलं. उद्या सगळेच गोलकीपर असे सरकू लागले तर गोलांना काही शिस्त राहील का?"

मी फादरांकडे गेलो. त्यांना सगळे समजावून सांगायला बराच वेळ लागला, कारण ते मध्ये मध्ये डोके धरत होते. शेवटी ते माझ्याबरोबर ओसरीवर आले आणि म्हणाले, "ऑगस्टीन, माझ्या देशात फक्त गोल मोजतात. ज्याचे जास्त, त्याला बक्षीस."

समितीने हे मत परदेशी म्हणून नोंदवून घेतले.

लिडियाचे लग्न बारा मेला झाले. तिची आंघोळ रॉकेलच्या डब्यातल्या पाण्याने झाली. डबा मी आदल्या दिवशी वाळूने सात वेळा घासला होता, तरी थोडा वास येत होता. लिडिया म्हणाली, "बाबा, पाणी आपल्याच विहिरीचं आहे ना? मग झालं." मी रहाटाकडे जाऊन बैलांना उगाच हाकत बसलो.

घंगाळ समितीच्या कपाटात आहे. समिती त्याची निगा राखते. मैदानावर रेघा मारायचा चुना त्यात ठेवतात. दर वर्षी तीस एप्रिलला चुना काढून, धुऊन, हार घालतात आणि रेजिनाच्या नावाने भाषणे होतात. तिच्यानंतर अजून कोणी जिंकलेले नाही, कारण गोलकीपर सही करत नाहीत. एका गोलाचा तिचा विक्रम तीन वर्षे टिकला आहे.

गेल्या सभेत ऑगस्टीन यांनी मला एक वाट काढून दिली. नवा नमुना ड. दोन गावकऱ्यांनी लिहून द्यायचे की रेजिना वारली आहे आणि ते घंगाळ तिचे आहे. बस्स, दोन सह्या. शत्रुघ्न आणि फ्रान्सिस लगेच आले, पण खेळाडूंची सही चालत नाही. काशीराम अर्नाळ्याचे, फादर स्पेनचे. लिडिया आता सासरची. मग मी घरोघर फिरलो. सगळे मला आत बोलावतात, पाणी देतात, रेजिना किती चांगली होती ते सांगतात. कागद काढला की म्हणतात, "आमचं काय, आग्नेलभाऊ, आधी दुसऱ्या कोणाची तरी सही होऊ दे, मग आम्ही आहोतच." एक जण तर म्हणाला की तिला पुरताना मी होतो खरा, पण मागच्या बाजूला होतो, नीट दिसले नाही.

गावात हे वाचणारे बरेच जण रेजिनाच्या गोलाच्या दिवशी बांधावर होते. टाळ्या वाजवताना तुम्ही कोणाची नाहरकत विचारली नव्हती. नमुना ड माझ्या ओट्यावर आहे, दौत-टाक शेजारी ठेवला आहे. दार उघडेच असते.

लिडिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. वांग्यांना मी रोज पाणी देतो. घंगाळ अजून आणायचे राहिले आहे.