जन्मापासूनचे पत्ते

केतकीच्या पाळणाघराची तपासणी मंगळवारी सकाळी दहाला होणार होती आणि तिच्या नवऱ्याने, ज्ञानेशने, त्यासाठी चक्क दोन आठवड्यांची रजा टाकली होती. आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात तो गुणवत्ता विभागात होता. कागदावर नसलेले काहीही घडलेले नसते, हा तिथला शिरस्ता त्याच्या अंगी इतका मुरला होता, की जेवण झाल्यावरही तो पोट भरल्याचा पुरावा शोधत असे.

केतकी चार वर्षे राहत्या घरी चार मुले सांभाळत होती आणि एकालाही कधी काही झाले नव्हते. ज्ञानेशच्या मते यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. नमुना फार लहान होता. पण आता नोंदणीचा नियम आला होता. इस्पितळात डॉक्टर असलेल्या निहारिकाने स्पष्टच सांगितले होते, की एक तारखेपर्यंत नोंदणी झाली नाही तर तिच्या मुलाला, मुकुलला, दुसरीकडे ठेवावे लागेल. बाकीचे तीन पालक निहारिकाकडे डोळे लावून होते.

"तू फक्त मुलांकडे बघ," ज्ञानेश म्हणाला. "पेपरवर्क माझ्याकडे."

"पेपरवर्क गप्प बसतं रे. मुलं बसत नाहीत."

"म्हणूनच सिस्टिम लागते."

सिस्टिमची सुरुवात खेळण्यांपासून झाली. त्यांच्या रंगात नेमके काय आहे याचा दाखला एकाही खेळण्याला नव्हता. सबब, एकशे बारा खेळण्यांना 'तपासणी बाकी' अशा पिवळ्या चिठ्ठ्या लागून ती कुलपात गेली. मग खिचडीची पाळी आली. तापमान तीन ठिकाणी मोजायचे ठरले. तिन्ही आकडे जुळेनात, म्हणून पुन्हा मोजले. मंजुरी मिळेपर्यंत खिचडी गार झाली. ती गरम केली तेव्हा ज्ञानेशच्या नियमाप्रमाणे नवीन बॅच सुरू झाली.

"ज्ञानेश, पोरं भुकेली आहेत."

"तो डेटा नाही, ती तक्रार आहे."

मंगळवारी तपासनीस आल्या. ब्रीडा नावाच्या, साठीकडे झुकलेल्या, मृदू बोलणाऱ्या बाई. मुले अंड्यांचा रिकामा खोका आणि स्वयंपाकघरातला डाव घेऊन मजेत खेळत होती.

"बाकीची खेळणी?"

"क्वारंटाइनमध्ये," ज्ञानेश म्हणाला.

"आजारी आहेत का?"

उत्तरादाखल ज्ञानेशने अपघातांची वही पुढे केली. ब्रीडाबाईंनी चष्मा लावला. "नऊ दिवसांत एकसष्ट अपघात. 'मुकुल पडला. उंची: चटईच्या जाडीइतकी.' 'मुकुल पुन्हा पडला. कारण: आधीच्या पडण्याची नक्कल.'"

केतकीने दाराच्या चौकटीला कपाळ टेकले.

"प्रत्येक शब्द खरा आहे," ज्ञानेश म्हणाला.

"असेलच. इतकं खरं मी तीस वर्षांत वाचलेलं नाही."

जिन्याचे फाटक, धुराचा अलार्म, केतकीचे प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र. प्रत्येक गोष्टीपुढे बाई "ग्रँड" म्हणत आणि खूण करीत. शेवटच्या पानावर त्या थबकल्या.

"घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलीस पडताळणी लागते. केतकीची झाली आहे. तुमची?"

"प्रोसेसमध्ये आहे. चार महिने झाले."

केतकी वळली. "तू म्हणालास फॉर्म पाठवला."

"मी म्हणालो, हँडल करतोय."

अडचण तात्त्विक होती. फॉर्ममध्ये जन्मापासूनचे सर्व पत्ते मागितले होते आणि खाली, ही माहिती खरी असल्याची ग्वाही द्यायची होती. पहिल्या दोन वर्षांचा कागदोपत्री पुरावा नव्हता. एकमेव साक्षीदार म्हणजे आई. आणि चाळीस वर्षांनंतरची स्मृती किती बेभरवशाची असते, हे ज्ञानेशने वाचले होते. म्हणून त्याने नागपूरच्या महापालिकेला पत्र लिहिले होते. उत्तराची वाट पाहणे चालू होते.

"आईला विचारा ना," ब्रीडाबाई म्हणाल्या.

"तो पुरावा होत नाही."

"मग तूर्त तुमचाही पुरावा नाही." बाईंचा आवाज तितकाच मृदू होता. "पडताळणी होईपर्यंत, मुलं असताना तुम्हाला घरात थांबता येणार नाही. फॉर्म आज गेला, तर एक तारखेच्या आत जमेल. नाही गेला, तर ही नोंदणी विसरा."

केतकीने गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

स्वतःच्याच दारात, गाडीत बसून, ज्ञानेशने नागपूरला फोन लावला.

"आई, मी जन्मल्यावर पहिली दोन वर्षं आपण नेमकं कुठे राहत होतो?"

"धरमपेठेत, भाड्याच्या खोलीत. पण तू कुठे राहायचास तिथे? माझी नोकरी फिरतीची. सोमवार ते शनिवार लीलावतीबाईंकडे असायचास. झोपायलाही तिथेच."

"कोण लीलावतीबाई?"

"मागच्या गल्लीतल्या. अकरा पोरं सांभाळायच्या. एक स्टोव्ह, एक बाज, अंगणात विहीर."

"विहिरीला कठडा होता?"

"होता ना. अर्धा."

ज्ञानेशने खिडकीची काच थोडी खाली केली. "त्यांचं ट्रेनिंग काय होतं?"

"सात पोरं होती त्यांना स्वतःची."

"आणि मला कधी काही झालं?"

"एकदा रॉकेलच्या बाटलीचं बूच चोखलंस."

"मग?"

"मग काय बापा. बाईंनी केळं दिलं."

"घर नंबर सांग."

"नंबर कोण बघतं? अंदाजे लिही."

ज्ञानेशने आयुष्यात प्रथमच 'अंदाजे' लिहिले आणि ग्वाहीच्या चौकोनात खूण केली. फोनवरच्या फॉर्मने तो शब्द विनातक्रार स्वीकारला. व्यवस्थेच्या या ढिलेपणाबद्दल संबंधित खात्याला पत्र लिहावे, असे त्याला तीव्रतेने वाटले.

नोंदणी अठ्ठावीस तारखेला झाली. ब्रीडाबाईंच्या अहवालात सुधारणांच्या सदरात एकच ओळ होती: पतींनी रजा घेणे टाळावे.