रुमालाखालचा करार

"ट्रंक भरू की नको, तेवढं सांगून जा," विमलबाई म्हणाल्या.

"आज वाटाघाटी आहेत. संध्याकाळी सांगतो," चपला शोधत मालोजीराव म्हणाले.

"दर एप्रिलात भरतेच आहे मी!"

खोटं नव्हतं ते. प्राध्यापक मालोजी घारे कर्जतच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत, पण तात्पुरते. अशा पाच तात्पुरत्या मंडळींना संस्था दर एप्रिलात हार घालून निरोप देई आणि जूनमध्ये फूल देऊन पुन्हा नेमणूक देई. मधल्या उन्हाळ्याचा पगार तेवढा वाचे. मग घाऱ्यांची ट्रंक टेंपोत चढायची आणि खालापूरकडे सासऱ्यांच्या दारी उतरायची. आता सासुरवाडीचा फणस गोड खरा, पण दरवर्षी दोन-दोन महिने कोणत्या जावयाला पचणार? यंदा मात्र प्राध्यापक संघटनेनं संप पुकारला होता. पाचही जणांना कायम करा, दुसरं काही बोलू नका!

पण घोडं अडलं ते प्रतिज्ञांवर. संघटनेचे चिटणीस म्हात्रेसर भर सभेत गरजले होते, "पाच, नाहीतर संप!" आणि संस्थेचे अध्यक्ष, भाताच्या गिरणीचे मालक कोंडाजीशेट, भर बाजारात बोलले होते, "येक पन नाय!" आता मागं कोण सरणार? कॉलेजच्या दारात उंबराखाली घातलेल्या संपाच्या मांडवात प्राध्यापकांच्या घोषणा संपल्या, शेवटी पत्त्यांचे डावही संपले.

त्या दिवशी कोंडाजीशेट स्वतः मांडवात आले. मागं संस्थेच्या मंडळाची माणसं, भोवती सारी बाजारपेठ. ते सतरंजीवर बसले आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.

"मास्तर, तोंडानं बोललेला आकडा गिळता येत नाय. आमी बैल घेतो तसं करू. रुमालाखाली हात घालायचा, बोटं धरायची. जेवढी बोटं, तेवढी मानसं कायम. हाय कबूल?"

अब्रू दोघांचीही राहत होती. म्हात्रेसर तर उडालेच. "घारेसर घालतील हात! अहो, बैलबाजारातल्या दलालाचे जावई ते! आणि वर्गात दरवर्षी हीच पद्धत शिकवतात!"

शिकवत होते, त्यात खोटं नाही. पुस्तकात त्यावर अर्धं पान होतं. पण जे आपण दरवर्षी शिकवतो ते आपल्याला येत नाही, असं चारचौघांत कबूल करणारा प्राध्यापक अजून जन्माला यायचाय. मालोजीरावांनी घसा खाकरला आणि बाही सारली. त्यात पाचांमध्ये शेवटची नेमणूक त्यांचीच. एक बोट कमी पडलं की पहिला नारळ त्यांना!

रुमाल पडला. शेटच्या राठ पंजानं त्यांची दोन बोटं धरली, सोडली, मग तीन धरली, का अंगठा धरून दोन? कोण जाणे. मालोजीरावांच्या हाताला घाम सुटला. त्यात तळव्याला गुदगुल्या व्हायला लागल्या. हसू फुटलं तर सगळा संप हसण्यावारी जायचा, म्हणून त्यांनी हाताला लागेल ते घट्ट धरलं आणि दाबलं.

"बास?" शेटनी विचारलं.

"बास," मालोजीराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"ठरलं मंग. रुमालातलं रुमालात. सोमवारी पत्रं निघतील, तवा कळंल समद्यांना."

संप मिटला! गुलाल उधळला, पेढे वाटले. म्हात्रेसरांनी मालोजीरावांच्या गळ्यात हार घातला आणि कानाशी लागून विचारलं, "किती हो?"

"रुमालातलं बोलत नसतात," मालोजीराव गंभीरपणे म्हणाले. खरं तर किती, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर मात्र त्यांनी बायकोचा हात धरला आणि जमेल तसं करून दाखवलं. "बघ, असं, मग असं. किती झाली?"

"अगोबाई! मला काय कळतंय त्यातलं? बाबांनी आम्हाला कधी बाजारात नेलंय का?" विमलबाईंनी हात सोडवून घेतला. "म्हणजे स्वतःचा सौदा स्वतःच करून आलात, आणि विकले गेलात की राहिलात ते ठाऊक नाही! धन्य आहे बाई! मी आपली ट्रंक भरूनच ठेवते!"

रविवारी सकाळी मालोजीराव गिरणीवर गेले. वाटेत मनाशी पक्कं केलं होतं: शेट, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, असं सरळ सांगून टाकायचं. पण शेटनीच त्यांना हाताला धरून पोत्यावर बसवलं आणि आवाज खाली आणला.

"सर, तुमच्यापासून काय लपवू? ही बोटांची भाषा माझ्या बापाला यायची. मला नाय येत. मानसं बघत व्हती म्हनून टाकला रुमाल. आता मंडळ इचारतंय, किती कबूल क्येलं? पत्रं तर लिवायला पायजेत. तुमीच सांगा, किती ठरलं आपलं?"

मालोजीरावांच्या तोंडाशी आलेलं सत्य तिथंच थांबलं. डोळ्यांपुढं ट्रंक उभी राहिली.

"पाच," ते म्हणाले.

"पाच? समदीच?"

"अख्खा पंजा नव्हता का धरला मी?"

"आसंल, आसंल. तुमी शिकवता, तुमाला ठावं. पाच तर पाच!"

मालोजीरावांना आनंदानं काय करू न् काय नको झालं. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला आपण गुंडाळलं! ते दारात चपला घालत होते, तेवढ्यात बुधाजी नावाचा बैलांचा व्यापारी आत आला. शेटनी रुमाल टाकला. रुमाल दोन-चारदा हलला, आणि चपलेत पाय शिरायच्या आत सौदा मिटलासुद्धा.

"मारलंत, शेट!" बुधाजी कपाळ पुसत म्हणाला. "अख्ख्या तालुक्यात तुमच्यावानी बोटं कोनाची नायत!"

तो गेला. मालोजीराव एका पायात चप्पल घालून तसेच उभे.

"शेट, मग परवा... खरं किती ठरलं होतं?"

कोंडाजीशेटनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "सर, हात लई कापत व्हता तुमचा. कापत्या हाताशी क्येलेला सौदा धरायचा नाय, ही बापाची शिकवन. म्हनून म्हनलं, तोंडानं इचारावं. बाकी," ते हसले, "रुमालातलं बोलत नसतात."

मालोजीराव घरी आले. "ट्रंक सोड," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ आपल्या हाताकडं बघत बसले. विमलबाईंनी ट्रंक रिकामी केली, तिच्यावर चादर घातली आणि पाहुण्यांना बसायला ठेवली.

जूनमध्ये वर्ग भरले. ग्रामीण बाजारपेठेचं ते अर्धं पान आलं, तसं मालोजीसरांनी पुस्तक मिटलं.

"हे एवढं," ते म्हणाले, "घरी वाचा."