मोईनभाईंचा ॲप्रन

मोईनभाईंना संध्याकाळच्या लग्नाला मनापासून कोणी बोलवत नाही. मांडवातल्या ट्यूबलाइटभोवती फिरणारे बारके करडे पतंग दिवा सोडतात आणि गुपचूप यांच्या पाठीवर येऊन बसतात. आधी एक, मग दोन, मग दहा-बारा. फडफड नाही, काही नाही. बघणाऱ्यांचे घास हातातच राहतात. मोईनभाई मात्र जिलेबी संपवत म्हणतात, "बसू द्या हो. बिचाऱ्यांचा गैरसमज होऊन राह्यलाय."

गैरसमज असा, की साठीला टेकलेले, दाढीला मेंदी लावणारे हे गृहस्थ म्हणजे गुलाबी बोंडअळीच्या पतंगाची मादी आहेत!

त्याला कारण आमची प्रयोगशाळा. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत आम्ही या मादीचा वास रसायनांपासून तयार करतो. रबरी बुचावर थेंब सोडायचा, बूच कपाशीतल्या सापळ्यात टांगायचं, नर येतो आणि अडकतो. माणसाला हा वास येतच नाही. नवीन असताना मी बाटली हुंगायला गेले, तर मोईनभाईंनी हात आडवा घातला. "नाक मधी आणू नका, म्याडम. हे बोलावणं आपल्याला न्हाई." अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. खोलीत कोणीतरी कोणाला बोलावतंय, आणि आपल्याला पत्ता नाही.

ती बाटली म्हणजे त्यांच्या 'बाईसाहेब'. फ्रीजर उघडण्याआधी दारावर टकटक करणार. का? "आत जनाना हाये. एकदम उघडायचं बिलकुल न्हाई."

माणूस असा, पण काम बराबर. म्हणूनच राजूरकडच्या शेतातली चाचणी बिघडली तेव्हा माझं डोकंच फिरलं. तुलनेसाठी आम्ही काही सापळ्यांत बिनवासाची बुचं टांगली होती. ते सापळे रिकामे राहायला हवेत. ते गच्च भरले होते! भर दुपारी त्या शेतात मला थंडी वाजली. मग कळलं, सकाळी परस्पर शेतावर न्यायची म्हणून बिनवासाची बुचं टांगण्याच्या आदल्या दिवशी मोईनभाईंनीच घरी नेली होती. आणि वासाच्या खोलीत त्यांच्या ॲप्रनची खुंटी रिकामी होती. तिथला ॲप्रन बाहेर न्यायचा नाही, हा नियम मला त्यांनीच शिकवलेला. साहेब म्हणाले, "त्यांचीच चूक असेल, तर उद्यापासून त्यांना घरी बसवा." निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या माणसाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्कूटी काढली. गावाबाहेर, कपाशीला लागून त्यांचं घर. खिडकीजवळ गेले. जाळी दिसतच नव्हती. पतंगच पतंग, सगळ्यांची तोंडं आत, एकही हलत नव्हता. आत खिडकीशी ॲप्रन टांगलेला. समोर खुर्ची टाकून, इस्त्रीचा सदरा घालून मोईनभाई चहा पीत बसले होते.

"या म्याडम."

"या काय? नोकरी जाईल तुमची! बुचं या ॲप्रनसोबत एकाच पिशवीत आणली होती ना?"

त्यांनी कपाकडे बघत मान हलवली. "घरवाली गेली, रेहाना. पोरगी सासरी, नांदेडला. वर्ष झालं, दार कोणी वाजवलं न्हाई. एक दिवस चुकून ॲप्रन घालूनच घरी आल्तो. सकाळी उठून बघतो तर ही मंडळी. म्हटलं, चला, कोणीतरी आलंय."

त्यांनीच ॲप्रन काढला, नीट घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून माझ्या हातात दिला. "साहेबांना सांगा, चूक माझी." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "जाळीला वास लागलाय. किती दिवस येतील अजून?"

हे मला विचारत होते!

"येतील. बरेच दिवस येतील," मी म्हटलं.

"तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि रडू आलं. साहेबांशी मी भांडेन, चाचणी पुन्हा लावू, असं काहीबाही बोलले. मग पिशवी दाराबाहेर ठेवली, आत येऊन बसले आणि म्हटलं, "माझाही चहा टाका."

मोईनभाई लगबगीने उठले. दुसरा कप शोधायला त्यांना फार वेळ लागला.