तीस फूट खाली दिनानाथ

आडनाव नाखवा, जन्म उरणच्या कोळीवाड्यातला, आणि तरी दिनानाथांना होडी लागायची. होडीत पाय ठेवला की पोटात जे ढवळायचं, ते किनारा येईपर्यंत थांबायचं नाही. म्हणून त्यांनी बंदरात नोकरी धरली, तीही कचेरीतली, खिडकीकडे पाठ करून बसायची. तेहतीस वर्षं जहाजांचे कागद हाताळले आणि निवृत्त झाल्यावर नवीन पनवेलला असा फ्लॅट घेतला की गच्चीवर चढूनही खाडी दिसू नये.

पण सासुरवाडी उरणलाच होती. मेहुणा काशिराम अजून स्वतःची होडी समुद्रात घालायचा आणि दर सणाला भरल्या पंगतीत विचारायचा, "भावोजी, येताव का उद्या जाली टाकायला?" सगळं घर हसायचं. दिनानाथही हसायचे. तेहतीस वर्षं जहाजांचे कागद हाताळणाऱ्याला दुसरं काय करता येणार?

त्यामुळे मुलगी रियाने आईबाबांना लग्नाच्या वाढदिवसानिमित्त मालवणला पाठवायचं ठरवलं आणि त्यात समुद्राखाली बुडी मारण्याचीही सोय असल्याचं सांगितलं, तेव्हा दिनानाथांनी पहिला फोन काशिरामला केला. तुम्ही आयुष्यभर पाण्याच्या वर राहिलात, मी आता खाली जाऊन येतो, असं त्यांनी मेहुण्याला ऐकवलं.

मालवणला त्यांनी रबरी पोशाख चढवला, डोळ्यांवर काच लावली, होडीच्या कडेवर बसून एक पाय पाण्यात घातला आणि तो परत वर घेतला. पुढची चाळीस मिनिटं ते एका हाताने दोरी आणि दुसऱ्या हाताने बादली धरून होते. त्यांची बायको जनी मात्र गाइडचा हात धरून शांतपणे खाली गेली, तीस फुटांवर मनसोक्त हिंडली आणि वर आल्यावर 'भूक लागली' म्हणाली.

घरी परतल्यावर काशिरामचा फोन आला, तेव्हा दिनानाथांच्या तोंडून निघून गेलं, "तीस फूट गेलो. मासे बोटांमधून जात होते."

काशिराम म्हणाला, रविवारी सगळेच येतो, व्हिडिओ बघू.

व्हिडिओ होता. गाइडने सगळं चित्रण पेन ड्राइव्हवर भरून दिलं होतं, पाण्याखालचं आणि होडीतलंही. दिनानाथांनी ते लॅपटॉपवर उतरवून घेतलं. पाण्याखाली सगळेच रबरी पोशाखात, तोंडावर काच. तिथे जनी कोण आणि दिनानाथ कोण, हे देवालाही ओळखू येणार नव्हतं. होडीतला भाग तेवढा कापायचा होता. त्यासाठी त्यांना व्हिडिओ कापायचं एखादं सॉफ्टवेअर हवं होतं आणि हातात चार दिवस होते.

पहिलं त्यांनी सिनेमावाले वापरतात ते घेतलं. ते उघडल्यावर जहाजाच्या इंजिनरूममध्ये शिरल्यासारखं वाटलं. दोन सकाळी खर्चून त्यांना कापायचं बटण सापडलं, पण ते दाबल्यावर चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे सरकला. निळ्या पाण्यातून एक पोपटी मासा संथपणे पुढे आला, त्याने तोंड उघडलं आणि दिनानाथांच्या आवाजात म्हणाला, "किनाऱ्याला चला हो."

दुसरं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. त्यात कापता यायचं, पण ते प्रत्येक चित्रावर मधोमध स्वतःचं नाव छापायचं. समुद्र दिसेना, नुसती पाटी दिसायची.

शेवटी त्यांनी रियालाच फोन केला. तिने नवशिक्यांसाठी असलेलं एक सुचवलं. त्यात एकच बटण होतं. सगळं चित्रण त्याला दिलं की ते पाण्याचा निळेपणा आपोआप घालवून मूळ रंग आणायचं, सर्वोत्तम क्षण निवडायचं आणि संगीत लावून फिल्म तयार करायचं. फक्त दाखवण्याआधी एकदा बघून घ्या, असं रियाने दोनदा बजावलं.

दिनानाथांना त्याची गरज वाटली नाही. एवढ्या चित्रणात सर्वोत्तम काय, हे उघडच होतं. रंगीत मासे सोडून बादलीवाल्या माणसाला कोण निवडेल? त्यांनी रविवारी सकाळी बटण दाबलं. फिल्म तयार व्हायला आणि काशिराम लिफ्टमधून बाहेर पडायला एकच गाठ पडली.

जेवणं झाली, मंडळी टीव्हीसमोर बसली. व्हायोलिन सुरू झालं आणि पाण्यातून एक हात पुढे आला.

"हा मी," दिनानाथ म्हणाले.

सॉफ्टवेअरने मूळ रंग अगदी चोख आणले होते. हातातल्या हिरव्या बांगड्या लखलखत होत्या.

"भावोजी," काशिराम सावकाश म्हणाला, "बांगऱ्या कवा भरल्याव?"

दिनानाथ काही बोलायच्या आत चित्र बदललं. ते सॉफ्टवेअर माणसांचे चेहरे ओळखून क्षण निवडायचं. पाण्याखाली सगळ्यांच्या तोंडावर काच. अख्ख्या चित्रणात स्वच्छ उन्हात, पूर्ण उघडा असा एकच चेहरा होता आणि तो सारखा बादलीवर वाकत होता. पुढची तीन मिनिटं तोच चेहरा जवळून, लांबून आणि संथ गतीत दिसत राहिला. एकदा तर तो बदामाच्या चौकटीतही आला.

फिल्म संपली. या वेळी कोणी हसलं नाही. काशिरामने फक्त एवढंच विचारलं, "आन् आमची जनी कुठं हाय यात?"

जनी त्यात नऊ सेकंद होती, तीही कोपरापर्यंत. दिनानाथांना होडीत वाटली नव्हती एवढी लाज आता वाटली.

"खाली तीच गेली होती," ते म्हणाले. "मी होडीतच होतो. पाय घातला तो परत घेतला."

काशिरामने मान हलवली. "पन्नास वर्सा पान्यावर गेली," तो म्हणाला, "पन खाली काय हाय, ते मीपन कदी बगितला नाय."

जनी उठली. तिने कपाटातल्या डब्यातून गाइडने दिलेला तो पेन ड्राइव्ह काढला, टीव्हीच्या मागे खोचला आणि रिमोटची दोन बटणं दाबली. अख्खं चित्रण जसंच्या तसं सुरू झालं. निळंच, लांबलचक, काहीही न कापलेलं. काशिराम खुर्ची सोडून टीव्हीसमोर जमिनीवर येऊन बसला.

"हे टीव्हीवर असंच लागतं?" दिनानाथांनी हळूच विचारलं.

"लागता ना," जनी म्हणाली. "तुमी दुपारचे झोपता तवा रोज बगते मी. समोरच्या वेणूताईंनी तं दोनदा बगितला."

चार दिवस वेणूताई जिन्यात भेटल्या की 'आता पोट बरं आहे ना?' असं का विचारत होत्या, ते दिनानाथांना तेव्हा कळलं.