गार्डाचा हात

"उद्या तुझ्या वडिलांच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द काढला नाही, तर मिशी उतरवीन!" हेडक्लार्कनी बायकोला ठणकावलं.

"तुम्हाला मिशी आहे कुठे?"

सासरे जन्मभर मालगाडीचे गार्ड. जावयाला कागद सरकवण्यापलीकडे काही येत नाही, हे त्यांचं ठाम मत, आणि ते लग्नापासून हेडक्लार्कना सलत होतं. म्हणून त्यांनी महिनाभर खपून, जेवणाचं टेबल अडवून छोटी आगगाडीच उभी केली होती! पुठ्ठ्याच्या वाघिणी, वाघिणींना गंजाचा रंग, भुश्शाचं गवत, प्लास्टरचा डोंगर, डोंगरात बोगदा. घरची माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत होती.

शेवटी त्यांनी कळस चढवला. मागच्या डब्यात निशाण धरून बाहेर वाकलेला गार्ड, मिशी हुबेहूब सासऱ्यांची! फक्त बोगदा मोजला होता तो गार्ड बसवायच्या आधी.

सासरे यायच्या थोडं आधी रंगीत तालीम झाली. गाडी डौलात बोगद्यात शिरली, 'कट्' असा आवाज झाला, गाडी बाहेर आली. गार्ड आलाच नाही!

हेडक्लार्कनी बोगद्यात डोकावून पाहिलं. चिमटा घातला, तर निशाणासकट हात तेवढा निघाला.

"बोटाला गोंद लावतो! गार्ड आपोआप चिकटून येईल!"

"अहो, नको! बाबा जिना चढताहेत!"

बोट चिकटलं. गार्डाला नव्हे, डोंगराला!

"या, या!" टेबलावर ओणवे झालेले हेडक्लार्क कसंनुसं हसले.

"हात कुठे आहे, जावईबापू?"

"कामात आहे."

सासऱ्यांनी एकेक वाघीण हलवून पाहिली. "हं. सोडा गाडी."

"आत्ता? आधी चहा घ्या ना!"

"गाडी चहासाठी थांबत नाही." त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

इंजिन थेट बोटावर आदळलं. "आई गं!" करत हेडक्लार्क उभे राहिले, आणि हाताबरोबर डोंगरही उभा राहिला! रुळांवर तो थोटा गार्ड उताणा पडला होता.

सासऱ्यांनी त्याला उचललं, चष्मा लावला. त्यांचा हात नकळत स्वतःच्या मिशीकडे गेला. बायको घाईघाईनं चहा बघायला पळाली.

"हा मी का?"

"हो... म्हणजे, तुम्हाला आवडेल म्हणून..." हेडक्लार्कना रडूच यायचं बाकी होतं.

"बोगद्यात हात बाहेर? मी? अख्ख्या नोकरीत असला गाढवपणा केला नाही!"

हेडक्लार्कनी मान खाली घातली. सासऱ्यांना थोडी दया आली असावी. त्यांनी डोंगर दोन्ही हातांनी धरला आणि हिसडा दिला. डोंगर सुटेना. खुर्चीला पाय लावून पुन्हा ओढला, तर अख्खा जावईच फरफटत आला!

"वा!" सासरे अगदी मनापासून म्हणाले. "गोंद कुठून आणलात हो?"